भुरीचा खोकला

“मांजराला टीबी व्हतो का, सायेब? तेवढंच सांगा. बाकी मला काई नगं.”

“मावशी, आधी पिशवीचं तोंड तर सोडा. गुदमरेल ती आत.”

“सोडलं की पळंल! लई द्वाड हाय ती. तुमी व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना, मी चालले. जीपवाल्याच्या शिव्या खात आले, तेवढ्या पुरं झाल्या.”

शहाण्णव सालचा कार्तिक होता. जाफराबादच्या जनावरांच्या दवाखान्यापुढं सकाळच्या पारी नेहमीचा मेळा जमलेला. खोड्यात खांदा सुजलेला बैल अडकवलेला, लिंबाखाली शेळ्या आणि एक आडमुठी म्हैस, आणि त्या सगळ्यांच्या मधी सगुणाबाई काखेत खताच्या गोणीची पिशवी घेऊन उभी. पिशवी मधूनच गुरगुरायची, मधूनच खोकायची. त्या दवाखान्यात आजवर कुणी मांजर घेऊन आल्तं असं कुणाला आठवत नव्हतं. बैलवाला गडी दात काढून म्हणाला, “मावशी, उद्या उंदीर बी आना मंग.”

“आनते की,” सगुणाबाई म्हणाली. “तू तेवढी त्याची शेपटी धरायला ये.”

वामन डॉक्टर हसले नाहीत. ते जालन्याच्या मस्तगडातले. आठवडाभर जाफराबादेत खोली करून राहायचे नि शनिवारच्या एसटीनं घर गाठायचे. बोलायला मऊ, पण एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारायची खोड. त्यांनी विचारलं, “टीबी कोणाला झालाय, मावशी?”

सगुणाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. “सूनंला. म्हंजी, म्हनत्यात तसं.”

सून म्हणजे बेबीनंदा, सगुणाबाईच्या एकुलत्या धर्मराजची बायको. अंगानं काटक, कामाला वाघीण. तिला गेल्या साली पावसाळा सरता सरता खोकला धरला. सकाळी उठली की थुंकी यायची ती गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची. एका डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, फोटोत डाग निघाला. थुंकीत टीबीचे जंतू काही सापडले नाहीत, पण डाग तर होता. गोळ्या चालू झाल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, भूक मेली, खोकला जिथल्या तिथं. धर्मराजनं आपली खाट उचलून वावरातल्या कोठ्यावर, म्हणजे गोठ्यात, नेली. रामरावनं, म्हणजे सगुणाबाईच्या नवऱ्यानं, सुनेचं ताट-तांब्या वेगळं केलं. आणि एवढ्यात लोकांचं ध्यान घरच्या मांजरीकडं गेलं. भुरी सुनेच्या ताटापाशी बसायची, आणि भुरीबी खोकायची. शेजारच्या साळूबाईनं तोंडावर पदर धरून सांगून टाकलं, “मानसाचं सोडा बाई, मुक्या जित्राबाला बी लागलं तिचं!”

झालं. रामरावला एवढंच पाहिजे होतं. त्यानं भोकरदनकडं सुनेच्या बापाला निरोप धाडला, येऊन लेक घेऊन जा. बाप आज दुपारच्या गाडीनं यायचा होता. आजारी म्हणून अशी माहेरी धाडलेली लेक फिरून सासरी येत नसते. दोन-चार महिने गेले की पोराला दुसरी बघायला सुरुवात होते. सगुणाबाईनं गावात अशा बघितल्या होत्या.

म्हणून तिनं तांबडं फुटायच्या आत भुरीला पिशवीत कोंबलं होतं. भुरी बेबीनंदा लग्न होऊन यायच्या आधीपासून खोकायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण घरात तिचं कोण ऐकणार? डॉक्टरच्या तोंडून आलं म्हणजे वजन पडेल, एवढाच तिचा इचार.

“मांजर हगली आहे का पिशवीत?” डॉक्टरनी विचारलं.

“मंग? जीपवाला उगंच शिव्या देईल का?”

“चांगलं झालं. मला तेच पाहिजे.”

त्यांनी काडीवर थोडंसं घेतलं, पाण्यात कालवलं, गाळून काचेवर ठेवलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ वर बघेनात. बाहेर म्हैस हंबरायला लागली, बैलवाला ‘सायेब, सायेब’ करायला लागला. डॉक्टर तसेच. शेवटी म्हणाले, “मावशी, ही खेकडे खाते का?”

हलवायाच्या पोराला साखर खातोस का विचारावं, तसला हा सवाल झाला. सगुणाबाईला केळना नदीच्या काठच्या गावांत खेकडीवाली म्हणूनच ओळखत. सासरी आली तेव्हा ती कोरडवाहू गावची पोर, नदी म्हणजे बैल धुवायची जागा एवढंच तिला माहीत. सासूनं पहिल्याच श्रावणात तिला गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं केलं आणि सांगितलं, बिळाच्या तोंडाशी मातीच्या ताज्या गोळ्या असल्या तर आत खेकडं, तोंड गुळगुळीत असलं तर हात घालू नको, आत जनावर. जनावर म्हणजे साप. सगुणाबाई शिकली. पहिल्या साली तिच्या बोटांना इतके चिमटे बसले की भाकरी थापताना ती रडायची. पुढं पुढं हात बिळात शिरला की नांगीच्या मागून पाठीवर जायचा आणि खेकडं मुकाट बाहेर यायचं. सायकलीच्या तारेचा आकडा करून खोल बिळातलंबी ओढायची. रामराव माळकरी, त्याला वासबी खपायचा नाही, तर ती परसातल्या चुलीवर वेगळ्या भांड्यात कालवण करायची. धर्मराज एका बैठकीला पातेलं रिकामं करायचा. पावसाळ्यात कुणाचं पोर सर्दीनं फुरफुरलं, बाळंतिणीला ताकद पाहिजे असली, की लोक तिच्या दारात वाटी घेऊन हजर. तीन-चार वर्षांमागं तिचा उजवा खांदा आखडला. बिळात हात जायचा, पण वरवंटा ओढवेना. तेव्हापासून वाटण बेबीनंदाकडं आलं.

“खाती का म्हंजी?” ती डॉक्टरला म्हणाली. “मी नदीवरून आले की पायात पायात करती. एखादं बारकं खेकडं तिच्याम्होरं टाकल्याबिगर घरात पाऊल ठेवू देत न्हाई.”

“कच्चं?”

“मांजराला काय फोडनी घालून देऊ?”

डॉक्टरनी तिला दुर्बिणीपाशी बोलावलं. एक डोळा मिटून तिनं बघितलं. आधी नुसतं धुकं दिसलं, मग त्यात पिवळसर तांबूस, लांबट दाणे. एका टोकाला झाकण बसवल्यासारखी रेघ.

“कुकवाचा करंडा दिसून राह्यला की!”

“अंडं आहे ते. हिच्या फुप्फुसात किडे आहेत, हरभऱ्याच्या दाण्याएवढे, चपटे. ही अंडी त्यांची. खोकला त्यांचा आहे, टीबीचा नाही.”

“फुप्फुसात? अन् सापडले गुवात?”

“मांजर थुंकते का मावशी? खोकलं की वर आलेलं गिळते. गिळलेलं पोटातून खाली.”

सगुणाबाईनं मान हलवली. हे तिला पटलं. भुरी खोकून झालं की घोट घेते, हे तिनं रोज बघितलं होतं.

“आता हगायला कुठं जाते?”

“नदीच्या वाळूत. उकरून झाकून येती. लई टापटिपीची.”

“मग पाणी वाढलं की ती अंडी पाण्यात. झाकण उघडतं, आतून एक इवलासा जीव निघतो. डोळ्याला दिसायचा नाही. तो पोहत जातो आणि गोगलगायीत शिरतो. नदीत दगडांना लांबुळक्या, टोकदार गोगलगायी चिकटलेल्या असतात ना?”

“अस्तात की. पायाला टोचतात.”

“तसल्या. तिच्या आत त्या एकाचे शेकड्यानं होतात. मग ते बाहेर पडतात, बारीक थोटकी शेपटी असते, आणि खेकड्याच्या अंगात घुसतात. कधी खेकडंच त्या गोगलगायीला खातं. मग खेकड्याच्या मासात, कल्ल्यात गोळी होऊन बसतात. वाट बघत.”

“कुनाची?”

“हिची,” डॉक्टरनी पिशवीकडं बोट दाखवलं. “हिनं खेकडं खाल्लं की गोळी आतड्यात फुटते. किडा आतड्याला भोक पाडून पोटात येतो, तिथून वर पडदा फोडून छातीत. फुप्फुसात घर करतो. बहुतेक एका घरात दोघं असतात.”

“नवरा-बायकू?”

“तसं नाही. एकातच नर नि मादी दोन्ही असतात. पण राहतात जोडीनं.”

“मंग आमच्या धर्म्यापरीस शाने म्हना,” सगुणाबाई म्हणाली. “त्यो बायकूचा खोकला आयकून कोठ्यावर झोपून राह्यलाय.”

बैलवाला दारातून सगळं ऐकत होता, तो फिस्सकन हसला. डॉक्टरलाबी हसू आलं. पण लगेच त्यांनी फिरवून विचारलं, “सुनेची थुंकी कसल्या रंगाची आहे म्हणालात? गंजासारखी?”

“बराबर.”

“ती खेकडं खाते?”

“सगळेच खातात. पन आमी काय मांजरं न्हाई, सायेब. कालवन रटरटा उकळतं.”

“उकळलं तर ह्या गोळ्या मरतात. मग तिचं वेगळं काही असेल,” डॉक्टर म्हणाले. थोडं थांबून पुन्हा त्यांची खोड वर आली. “तरी पण करता कसं ते सांगा. नदीवरून आणल्यापासून.”

सगुणाबाई पायरीवर बसली. ह्या बाबतीत तिला कुणी विचारलं की तिची कळी खुलायची. “बघा, खेकडं आनायचं, धुवायचं, नांग्या-पाय मोडायचे. पेंदा, म्हंजी मधलं धड, तसाच रश्शात सोडायचा. पाय पाट्यावर घ्यायचे, वरवंट्यानं ठेचायचे, पानी घालून वाटायचे, फडक्यातून पिळायचे. त्यो रस चुलीवर. खरी गोडी त्या रसात. मंग पाटा वलाच ठेवायचा, धुवायचा न्हाई, धुतला की कस गेला. त्याच्यावरच हिरवी मिरची, लसून, मीठ रगडायचं. त्यो ठेचा वाटनारीचा. सासू असंल तर सासूचा, सून असंल तर सूनंचा. गरम भाकरीसंगं तिथंच पाट्यापाशी बसून…”

तिची जीभ जागच्या जागी थांबली. डॉक्टरबी तिच्याकडंच बघत होते.

“तो ठेचा शिजवत नाही?” त्यांनी हळू विचारलं.

“ठेचा कोन शिजवतं,” ती म्हणाली.

रामराव खायचा नाही. धर्मराज उकळलेलं खायचा. पाट्यावरचा ठेचा खायची ती एकटी बेबीनंदा, कारण सगुणाबाईनंच खांदा आखडल्यावर पाटा तिच्या हवाली केला होता, आणि पोरगी लाजून नको म्हणाली तेव्हा ‘वाटनारीचा मान हाय ग, खाय’ म्हणून पहिला घास तिच्या तोंडात घातला होता.

डॉक्टर म्हणाले, “माणसाचं औषध मी द्यायचं नसतं. जालन्याला छातीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जा. त्यांना सांगा, थुंकी ताजी बघा, न रंगवता. टीबीसाठी रंगवतात त्यात ही अंडी टिकत नाहीत. माझं नाव सांगा. आणि हिच्या गोळ्या ह्या, दुधात कालवून द्या. कच्चं खेकडं बंद.”

“मला बंद व्हईल. तिला कोन सांगनार?” सगुणाबाई उठली. पिशवी काखेला मारली आणि अड्ड्यावर जीप भरायची वाट बघत उभी राहिली.

घरी पोचली तर इवाई येऊन बसलेले. बद्रीनाथ, बेबीनंदाचे वडील, पागोटं मांडीवर ठेवून कपातला चहा निववत होते. रामराव समोर खाटेवर. दाराच्या आड पत्र्याची पेटी भरून तयार, त्यावर बेबीनंदाचं गाठोडं. पोरगी चुलीपाशी पाठ करून बसली होती. धर्मराज खांबाला टेकून नखं कुरतडत होता. साळूबाईबी आल्ती, मीठ मागायच्या निमित्तानं.

सगुणाबाईनं पिशवी सोडली. भुरी टुणकन उडी मारून माळवदाच्या जिन्यावर गेली आणि तिथं बसून खोकली.

“कुठं गेल्तीस सकाळधरनं?” रामराव म्हणाला. “पाव्हनं येनार ठाऊक हाय, अन् मांजर घेऊन गावभर हिंडतीस.”

सगुणाबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. करंडा, गोगलगाय, खेकडं, पाटा. घाईघाईत मागचं पुढं झालं, पण सांगितलं. ऐकून रामराव खाटेवर मागं रेलला.

“जनावराच्या डॉक्टरनं मानसाचा रोग काढला! मंग उद्या बैल आजारी पडला की त्याला सुईनीकडं न्यावं म्हन. इवाईबुवा, हिचं मनावर घेऊ नका. तुमची गाडी चुकंल.”

“खरं म्हन्लं तर,” साळूबाई म्हणाली, “पाट्यावरचा ठेचा आमच्या सासवा-आजेसासवा खात आल्या. कोनाला काय झालं?”

बद्रीनाथनी कप खाली ठेवला. भला माणूस, पण लेकीच्या सासरी बोलायचं बळ त्यांना नव्हतं. ते नुसते पागोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, “बेबी, चल बाई.”

बेबीनंदा उठली. पदर तोंडाला धरून खोकली आणि पेटीकडं वळली.

सगुणाबाईला आता बोलायचं होतं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती चुलीपाशी गेली. तिथं राखेचं टोपलं होतं. खाली वाकून ती छाती खालपासून खरवडून काढल्यासारखी खोकली. पहाटेपासून दाबून ठेवलेला खोकला तो, हाकेसरशी वर आला. ती राखेत थुंकली, टोपलं उचललं आणि आणून रामरावच्या खाटेवर, त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“बघा.”

पांढऱ्या राखेवर गंजाच्या रंगाचा गोळा होता.

रामराव पाय वर घेऊन सरकला. “हे… तुला कवापासून?”

“तुमची माय व्हती तवापासून. तिला बी व्हतं. तिनंच मला सांगितल्तं, राखेत थुकत जा, वरून राख लोट, कोनाला बोलू नगं, न्हाईतर म्हायेरी धाडतील. मी बोलले न्हाई. मधी थांबतं, पुन्ना येतं. तुमची माय सत्तरी गाठून पाय घसरून मेली, टीबीनं न्हाई. मी तुमच्या घरात म्हातारी झाले. धर्म्या झाला, मोठा झाला. तुमाला काय लागलं का माझं? धर्म्याला लागलं का?”

साळूबाईची मिठाची वाटी हातातच.

“तिला धाडायचं तर मला बी धाडा,” सगुणाबाई म्हणाली. “माह्या म्हायेरी आता भावाच्या पडक्या भिताडाबिगर काई न्हाई. पेटी भरू का? इवाईबुवा, दोघी बसतो तुमच्या गाडीत.”

बद्रीनाथ गडबडून उभे राहिले. “आवो, मी… दोघींना कसं… मी घेऊन तरी कुठं जाऊ?”

ते इतक्या खऱ्या काळजीनं म्हणाले की धर्मराजला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याची मान खाली गेली. मग तोच बापाकडं वळून म्हणाला, “दादा, उद्या मी दोघींना जालन्याला नेतो. थुकी तरी बघू. न्हाई निघालं तर मंग तुमचं खरं.”

रामरावनं टोपल्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. “हे आधी इथून उचल,” एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून ‘न्हाई’ निघालं नाही, म्हणजे ‘व्हय’च होतं. पेटी तशीच दाराआड राहिली.

जालन्याच्या डॉक्टरनं ताजी थुंकी काचेवर घेतली. बेबीनंदाच्या थुंकीत करंडे लगेच दिसले. सगुणाबाईच्या थुंकीत बराच वेळ शोधावे लागले, पण निघाले. डॉक्टर म्हणाला, हे मी पुस्तकातच बघितलं होतं, आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून दाखवलं. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, जंताच्या गोळ्या चालू झाल्या. त्या गोळ्यांनी दोघींना गरगरलं. येताना एसटीच्या खिडकीतून सगुणाबाई ओकली, बेबीनंदानं तिचं डोकं धरलं, मग बेबीनंदा ओकली, सगुणाबाईनं धरलं. कंडक्टर म्हणाला, मावश्या, आळीपाळीनं बराबर चाललंय. पंधरवड्यात थुंकीचा रंग फिका झाला. खोकला त्याहून उशिरा गेला, पण गेला. फोटोतला डाग पुढच्या साली पुसट झाला.

भुरीबी बरी झाली. म्हणजे त्या हिवाळ्यापुरती. सगुणाबाईनं कच्चं टाकायचं सोडलं, पण मांजर आपल्या पायानं नदीवर जायची आणि उथळ पाण्यातलं धरून खायची. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खोकायला लागली.

पाट्यावरचा क्रम मात्र बदलला. आता ठेचा आधी, खेकडं नंतर, आणि मग पाट्यावर उकळतं पाणी. सगुणाबाईनं दारात येणाऱ्या दर बाईला हे सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाक मुरडलं. साळूबाई म्हणाली, “धुतल्या पाट्यावरच्या ठेच्याला काय चव!”

“मंग खाय आन राखेत थुक,” सगुणाबाई म्हणाली. “कमी पडली तर आमच्या चुलीतली नेत जा.”

धर्मराज खाट घेऊन घरी आला तेव्हा तिनं त्याला दोन दिवस उंबऱ्याबाहेर झोपवलं. म्हणाली, “पाहुन्याला आत घेत नसत्यात.” बेबीनंदा तोंडात पदर कोंबून हसत राहिली.

त्याच मार्गशीर्षात बद्रीनाथ लेकीला बघायला आले. सोबत गूळ, भुईमुगाच्या शेंगा. घरात कुणी नव्हतं, म्हणून ते विचारत विचारत वावरात आले. कापूस पांढरा फटफटीत फुटला होता. बेबीनंदा वेचत वेचत पार पल्याडच्या बांधाला पोचली होती, गाणं म्हणत. बद्रीनाथ बांधावर उभे राहून नुसते बघत राहिले.

“बसा इवाईबुवा, पानी प्या,” सगुणाबाई म्हणाली.

“न्हाई, उभाच बरा. लई दिसांनी गाताना आयकून राह्यलो तिला.”

“आयका की. पन वारा सुटला तर कापूस खाली गळंल. तुमी आलाच हाय तर एक तास धरा, कापसाची ही माह्या शेजारची ओळ मोकळीच हाय.”

बद्रीनाथनी पागोटं काढून झाडाला अडकवलं. सगुणाबाईनं पदराची ओटी कमरेला घट्ट मारली, दुखऱ्या खांद्याला एक हिसका दिला आणि पुढच्या झाडाकडं वाकली.